वंशद्वेषाला चाप लावायचा, पण चाप कोणाच्या हाती?

३१ ऑगस्ट २०२५ रोजी सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन, ॲडलेड अशा ऑस्ट्रेलियातल्या मोठ्या शहरांत ‘मार्च फॉर ऑस्ट्रेलिया’ या नावाने मोर्चे निघाले. मागणी होती स्थलांतर रोखण्याची. पण प्रचाराच्या पत्रकात एका देशाच्या लोकांना वेचून बाहेर काढले होते. शंभर वर्षांत जेवढे ग्रीक आणि इटालियन आले, त्याहून जास्त भारतीय गेल्या पाच वर्षांत आले, असा त्या मजकुराचा आशय. ऑस्ट्रेलियाच्या केंद्र सरकारने मोर्च्यांचा निषेध केला. चारच दिवसांत विरोधी बाकांवरच्या लिबरल पक्षाच्या पहिल्या फळीतल्या सिनेटर जसिंटा नाम्पिजिन्पा प्राइस यांनी दूरचित्रवाणीवर सुचवले, की भारतीय स्थलांतरित लेबर पक्षाला मते देतात म्हणून सरकार त्यांना आत घेते. त्यांनी माफी मागितली नाही, तेव्हाच्या पक्षनेत्या सुसन ली यांच्यावर विश्वासही व्यक्त केला नाही. १० सप्टेंबरला विरोधी पक्षाच्या छाया मंत्र्यांच्या फळीतून त्यांची गच्छंती झाली.

प्राइस यांच्या बाबतीत जे झाले ते राजकारणाने केले, कायद्याने नव्हे. पत्रकाचे मात्र कायद्याच्या कसोटीवर काय होईल, हा प्रश्न तिथल्या मराठी माणसाला पडणे साहजिक आहे. इथून निघून तिथे गेलेल्या माणसाच्या मनात ‘समाजात तेढ’ म्हटले की पोलीस ठाणे येते. ऑस्ट्रेलियाच्या संघीय कायद्याने तीस वर्षे दुसरी वाट धरली आहे. ही वाट सदोष आहे, तरीही आपल्यापेक्षा शहाणी आहे, असे माझे मत आहे. आणि गेल्या दोन वर्षांत ऑस्ट्रेलिया स्वतःच ती सोडू लागला आहे, हे त्या देशाच्या हिताचे नाही.

१९७५चा वंशभेद कायदा व्हिटलम सरकारने केला, संयुक्त राष्ट्रांच्या १९६५च्या वंशभेदविरोधी कराराची अंमलबजावणी म्हणून. त्या कराराचे चौथे कलम सांगते की वंशद्वेषाचा प्रसार हा फौजदारी गुन्हा ठरवा. त्याच कलमात मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यातल्या तत्त्वांची योग्य ती दखल ठेवून, अशी पुस्तीही आहे. करार मान्य करताना ऑस्ट्रेलियाने नोंदवून ठेवले, की असा गुन्हा निर्माण करणे आज आम्हाला शक्य नाही, योग्य वेळ आली की संसदेकडे जाऊ. पुढे १९९१ साली दोन मोठे अहवाल आले. एक वंशद्वेषी हिंसाचाराच्या राष्ट्रीय चौकशीचा, दुसरा कोठडीत मेलेल्या ९९ आदिवासींच्या मृत्यूंची छाननी करणाऱ्या रॉयल कमिशनचा. मग १९९४ च्या अखेरीस कीटिंग सरकारने विधेयक आणले; कायदा झाला १९९५ मध्ये. त्यात तुरुंगाची कलमे होती. सिनेटने ती काढून टाकली. जे उरले ते म्हणजे आजचे कलम १८सी आणि त्याला जोडून आलेले १८डी.

१८सी काय म्हणते? कृती खाजगीत झालेली नसावी. एखादी व्यक्ती किंवा गट दुखावला, अपमानित झाला, त्याचा पाणउतारा झाला किंवा तो धास्तावला जाण्याची, सगळी परिस्थिती पाहता, वाजवी शक्यता असावी. आणि ती कृती वंश, वर्ण, राष्ट्रीय वा वांशिक मूळ या कारणाने झालेली असावी. तिन्ही गोष्टी जुळल्या तर कृती बेकायदा ठरते. बेकायदा, पण गुन्हा नव्हे. अटक नाही, जामीन नाही, पोलिसांना इथे कामच नाही. धर्माचा उल्लेख या कलमात नाही. त्यामुळे ज्यूंना वांशिक गट म्हणून संरक्षण मिळते, शिखांनाही त्याच वाटेने मिळू शकते, पण निव्वळ मुसलमान, हिंदू किंवा ख्रिस्ती म्हणून मिळत नाही. ही या कायद्यातली उघडी फट आहे.

१८डी मध्ये बचाव आहे. वाजवीपणे आणि सद्हेतूने केलेली कलाकृती. अभ्यास, कला, विज्ञान किंवा सार्वजनिक हिताच्या खऱ्या उद्देशाने केलेले विधान वा चर्चा. सार्वजनिक महत्त्वाच्या घटनेचे अचूक वार्तांकन. आणि खरोखर मनापासून असलेल्या मताचे रास्त भाष्य. हे सगळे १८सी च्या बाहेर. मात्र बचाव सिद्ध करण्याची जबाबदारी बोलणाऱ्यावर.

आता ते पत्रक या चाळणीतून काढून पाहू. खाजगीत नव्हते, हे उघड. भारतीयांचे नाव घेतले आहे, म्हणजे राष्ट्रीय मुळाशी संबंध जोडता येतो. खरी अडचण पुढे आहे. न्यायालयांनी ‘दुखावणे’ या शब्दाला कायद्याच्या मजकुरात नसलेली उंची दिली आहे. २००१ साली केर्न्स पोस्ट या दैनिकाविरुद्धच्या खटल्यात न्यायमूर्ती किफेल यांनी म्हटले, की इथे खोल आणि गंभीर परिणाम अपेक्षित आहेत, किरकोळ टोचणी नव्हे. पुढच्या सगळ्या निकालांनी तेच धरले. स्थलांतर किती असावे, कुठून असावे हा निवडणुकीत मांडण्याचा प्रश्न आहे. आकड्यांची तुलना करणारे वाक्य कितीही खुनशी हेतूने लिहिलेले असले, तरी ते एकटे १८सी खाली टिकेल असे मला वाटत नाही. टिकू नये, असेही वाटते. भारतीयांना कायद्याने वाचवायचे ते त्यांच्याविरुद्धच्या धोरणापासून नव्हे, त्यांच्या माणूसपणावर होणाऱ्या हल्ल्यापासून.

ही रेषा कुठे पडते हे पॉलिन हॅन्सन यांच्या प्रकरणात दिसले. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ वारली. मूळच्या लाहोरच्या, ग्रीन्स पक्षाच्या सिनेटर मेहरीन फारुकी यांनी लिहिले, की वसाहतीतल्या लोकांचे जीव, जमीन आणि संपत्ती लुटून उभ्या राहिलेल्या वंशद्वेषी साम्राज्याच्या प्रमुखाचा शोक मी करू शकत नाही. सिनेटर हॅन्सन यांनी उत्तर दिले त्यात बोचके बांधून पाकिस्तानला चालते व्हा, असे होते, आणि तेही शिवराळ भाषेत. १ नोव्हेंबर २०२४ रोजी फेडरल कोर्टाचे न्यायमूर्ती स्टीवर्ट यांनी १८सी चा भंग झाल्याचे ठरवले. हॅन्सन यांनी राजकीय संवादाच्या स्वातंत्र्याचा आणि रास्त भाष्याचा, असे दोन्ही बचाव घेतले. दोन्ही फेटाळले गेले. फारुकी यांनी राजसत्तेवर जो मुद्दा मांडला होता, त्या मुद्द्याला हॅन्सन यांच्या उत्तरात स्पर्शच नव्हता. ते उत्तर फक्त त्यांच्या मुळावर आणि या देशात असण्याच्या हक्कावर होते. आदेश काय? सात दिवसांत ते ट्वीट काढा आणि दाव्याचा खर्च द्या. हॅन्सन यांनी अपील केले. तेच शब्द त्या सिनेटच्या सभागृहात बोलल्या असत्या, तर संसदीय विशेषाधिकारामुळे कोणत्याही न्यायालयाला त्यांना हात लावता आला नसता, हीही या व्यवस्थेतली एक गंमत.

त्याच न्यायमूर्तींचा १ जुलै २०२५ चा निकाल मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात अवघड भाग होता. सिडनीच्या बँक्सटाउनमधल्या अल मदिना दावा सेंटर या इस्लामी केंद्रात धर्मोपदेशक विसाम हद्दाद यांनी नोव्हेंबर २०२३ मध्ये व्याख्याने दिली आणि ती इंटरनेटवर टाकली. ज्यू संघटनेच्या पीटर वर्थाइम आणि रॉबर्ट गूट यांनी दावा लावला. न्यायालयाने मजकूर सरसकट तोलला नाही. उतारा उतारा वेगळा काढून पाहिला. ज्यू लोकांबद्दलच जातिवाचक, हीन आणि जुनेपुराणे आरोप करणारे उतारे बेकायदा ठरले. धर्मग्रंथांवर बोलत होतो हा बचाव चालला नाही. पण इस्रायल, त्याचे सैन्य आणि झायोनिस्ट विचार यांच्यावर टीका करणारे उतारे न्यायालयाने बाजूला ठेवले. इस्रायलवरची राजकीय टीका कितीही जहाल असली तरी ती स्वभावतः सगळ्या ज्यूंवरची टीका होत नाही, असे निकालात स्पष्ट म्हटले. हद्दाद यांना ती व्याख्याने काढून टाकावी लागली आणि दुरुस्तीची सूचना लावावी लागली. एकाच माणसाच्या बोलण्यात कुठला भाग राजकारण आणि कुठला वंशद्वेष, हे करवतीने नव्हे तर सुरीने वेगळे करावे लागते, आणि त्याला दिवाणी न्यायालयातला निवांतपणा लागतो. रात्री अकराला ठाण्यात आलेल्या जमावाला शांत करणाऱ्या निरीक्षकाकडून ही अपेक्षा करणे त्याच्यावरही अन्याय आहे.

१८सी वर सगळ्यात जास्त आग ओकली गेली ती अँड्र्यू बोल्ट प्रकरणानंतर. २००९ मध्ये मेलबर्नच्या हेराल्ड सन मधल्या या स्तंभलेखकाने गोऱ्या कातडीचे लोक फायद्यासाठी स्वतःला आदिवासी म्हणवतात, असे नावे घेऊन लिहिले. नऊ जण कोर्टात गेले. २८ सप्टेंबर २०११ रोजी न्यायमूर्ती ब्रॉमबर्ग यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला. तेव्हापासून आजतागायत सांगितले जाते, की आदिवासी ओळखीबद्दल प्रश्न विचारणेच ऑस्ट्रेलियात बंद झाले. निकाल वाचला तर उलटे दिसते. न्यायमूर्तींनी मुद्दाम लिहिले, की वांशिक ओळखीच्या खरेपणाला आव्हान देणारे लेखन बेकायदा आहे असा अर्थ या आदेशातून काढू नये. बोल्ट अडकले ते चुकीच्या माहितीमुळे. एका वकील बाईंचे वडील जर्मन असल्याचे त्यांनी लिहिले. प्रत्यक्षात ते काळे आदिवासी होते. अशा चुका अनेक होत्या, भाषा चिथावणीखोर होती, म्हणून ‘वाजवीपणे आणि सद्हेतूने’ ही अट पूर्ण झाली नाही. नुकसानभरपाई कोणी मागितलीच नव्हती. तो मजकूर पुन्हा तसाच छापू नये आणि दुरुस्तीची सूचना छापावी, एवढाच आदेश झाला. लेखणीने जगणाऱ्या माणसाला यातून मिळणारा व्यावहारिक धडा अगदी साधा आहे. तीक्ष्ण लिहायचे तर आधी तपशील तपासा. रास्त भाष्याचा बचाव खऱ्या तथ्यांवर उभा राहतो.

तरीही बोल्ट यांच्या बाजूने एक गोष्ट मान्य करावी लागते. कायद्याचा मजकूर वाचणाऱ्या सामान्य माणसाला केर्न्स पोस्टचा निकाल माहीत नसतो. त्याला ‘दुखावणे’ एवढेच दिसते, आणि तो बोलायचे टाळतो. मार्च २०१४ मध्ये ॲटर्नी जनरल जॉर्ज ब्रँडिस सिनेटमध्ये म्हणाले, की लोकांना पूर्वग्रहदूषित असण्याचा हक्क आहे. त्या एका वाक्याने त्यांची सुधारणा बुडवली. ऑगस्टमध्ये ॲबट सरकारने ती मागे घेतली. मार्च २०१७ मध्ये टर्नबुल सरकारने दुखावणे, अपमान, पाणउतारा हे तीन शब्द काढून तिथे ‘छळणे’ घालण्याचा प्रयत्न केला. सिनेटने तो ३१ विरुद्ध २८ मतांनी पाडला. पाडला ते बरे झाले. पाणउतारा हा शब्द काढला असता तर कायद्याचा कणाच गेला असता, कारण माणसाला सार्वजनिकरीत्या हीन ठरवणे हाच वंशद्वेषाचा गाभा आहे. पण न्यायालयाने गेली पंचवीस वर्षे जे वाचले, ते ‘खोल आणि गंभीर परिणाम’ हे शब्द कायद्यातच घालायला काय हरकत होती, हे मला कधी कळले नाही. दोन्ही बाजूंना तडजोडीपेक्षा झेंडा प्यारा होता.

राजकीय बोलण्याला खरा त्रास १८सी च्या शब्दांपेक्षा त्याच्या कार्यपद्धतीने दिला. क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीमध्ये मे २०१३ मध्ये आदिवासी विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या संगणक कक्षातून काही विद्यार्थ्यांना बाहेर जायला सांगितले गेले. एकाने फेसबुकवर विचारले, की विद्यापीठ विभाजनाने विभाजन थांबवते आहे काय? हा सकारात्मक कृतीच्या धोरणावरचा तिरकस प्रश्न आहे. आपल्याकडे आरक्षणावर असे प्रश्न रोज विचारले जातात आणि त्यांना उत्तरेही दिली जातात. एका कर्मचारी महिलेने मे २०१४ मध्ये मानवी हक्क आयोगाकडे तक्रार केली. विद्यार्थ्यांना त्याचा पत्ता लागला जुलै २०१५ च्या अखेरीस, समेटाची बैठक काही दिवसांवर आली तेव्हा. चौदा महिने तक्रार आयोगात होती आणि ज्यांच्याविरुद्ध होती त्यांनाच ठाऊक नव्हती. पुढे कोर्टात सुमारे अडीच लाख डॉलरचा दावा झाला. काही विद्यार्थ्यांनी पाच हजार डॉलर देऊन सुटका करून घेतली. नोव्हेंबर २०१६ मध्ये न्यायाधीश जॅरेट यांनी उरलेल्यांविरुद्धचा दावा सुनावणीआधीच फेटाळला. कायदा त्यांच्या बाजूने होता. तरी ऐन शिक्षणाच्या काळात त्यांच्या नावामागे वंशद्वेषाचा डाग लागून राहिला.

२०१७ ची शब्दबदलाची सुधारणा पडली, पण त्याच वेळी कार्यपद्धती बदलली आणि तो बदल मोलाचा आहे. आता तक्रार कशी चालते ते नीट समजून घ्यावे, कारण ज्यांच्यावर वेळ येते त्यांना बहुधा ते ठाऊक नसते. तक्रार लेखी द्यायची, ती ऑस्ट्रेलियन मानवी हक्क आयोगाकडे, आणि त्याला फी नाही. मजकूर जसाच्या तसा, तारीख, वेळ, पत्ता आणि खात्याचे नाव दिसेल अशा चित्रासह जोडायचा. नुसते ‘त्यांनी आमच्याबद्दल वाईट लिहिले’ एवढ्याने आता चालत नाही, कारण जे घडले म्हणता ते खरे धरले तर बेकायदा ठरू शकते, एवढे तक्रारीतून दिसलेच पाहिजे. घटनेपासून चोवीस महिन्यांनंतर आलेली तक्रार आयोगाचे अध्यक्ष बंद करू शकतात. २०१७ मध्ये ही मुदत बारा महिन्यांवरून सहावर आणली होती, २०२२ च्या अखेरीस ती वाढवली गेली. प्रथम समेटाचा प्रयत्न होतो, तो गोपनीय असतो. बहुतेक प्रकरणे इथेच माफी, मजकूर काढणे किंवा प्रशिक्षण अशा तोडग्यावर संपावीत अशी रचना आहे. समेट न झाल्यास आयोग तक्रार बंद करतो, आणि मग तक्रारदाराला ६० दिवसांत फेडरल न्यायालयात जाता येते. आयोगाने ‘यशाची वाजवी शक्यता नाही’ म्हणून तक्रार बंद केली असेल, तर न्यायालयाची परवानगी घ्यावी लागते. संगणक कक्षासारखे प्रकरण आज बहुधा इथेच थांबेल.

तरी एक नवी अडचण आली आहे. २०२४ च्या अखेरीस खर्चाचे नियम बदलले. तक्रारदार जिंकला तर समोरच्याने त्याचा खर्च द्यायचा. हरला तर तक्रारदाराने सहसा काही द्यायचे नाही. नोकरीतला लैंगिक छळ किंवा बड्या कंपनीने केलेला भेदभाव यासाठी हा नियम रास्त आहे, कारण तिथे एकीकडे पगारी वकिलांची फौज असते. पण १८सी चा दावा अनेकदा दोन सामान्य माणसांत किंवा दोन राजकीय गटांत असतो. प्रतिवादीजवळ लक्षणीय ताकद किंवा पैसा नसेल तर त्याच्यासाठी अपवाद ठेवला आहे खरा. पण हा अपवाद लागू होतो की नाही ते खटला संपल्यावर ठरते. म्हणजे तोवर वकिलाचे बिल त्यानेच भरायचे. वक्तव्याशी संबंधित दाव्यांना हा नवा नियम लावायलाच नको होता.

आता फौजदारी बाजूकडे. सिडनी ज्या राज्यात आहे त्या न्यू साउथ वेल्सने १९८९ मध्ये वंशद्वेष भडकवण्याला कलम २०डी खाली गुन्हा ठरवले. जवळजवळ तीस वर्षांत त्याखाली एकही खटला चालला नाही. २०१८ मध्ये त्याच्या जागी ९३झेड आले: हिंसेची धमकी किंवा हिंसेची चिथावणी, कमाल तीन वर्षे कैद. या कलमाचा विषय मर्यादित आहे, आणि असावा. २०२४ च्या अखेरीस तिथल्या विधी सुधारणा आयोगाने अभ्यास करून सांगितले की हे कलम बदलू नका, द्वेष हा शब्द फौजदारी कायद्यासाठी फार ढिला आहे. तीन महिन्यांत सरकारने नेमके उलटे केले. जानेवारी २०२५ मध्ये सिडनीबाहेर ड्युरल येथे स्फोटकांनी भरलेला कॅरॅव्हॅन सापडल्याची बातमी फुटली होती. ज्यूंवर मोठा हल्ला टळला, असे वातावरण होते. फेब्रुवारीत घाईने कलम ९३झेडएए मंजूर झाले, वंशद्वेष भडकवण्याला दोन वर्षांपर्यंत कैद. १० मार्चला संघीय पोलिसांनीच जाहीर केले की कॅरॅव्हॅनचा तो कट बनावट होता, संघटित गुन्हेगारांनी रचलेला. त्या काळात ज्यूंच्या शाळा, गाड्या, घरे यांवर खरेखुरे हल्ले झाले होते, हे विसरता येत नाही. पण जाळपोळ, तोडफोड आणि धमकीला कायदे आधीपासून होते. नव्या कलमात एक विलक्षण सूट आहे: धर्मशिक्षणासाठी धर्मग्रंथाचा आधार घेतला तर गुन्हा नाही. म्हणजे राजकीय सभेत बोललेले गुन्हा ठरू शकते, पण तोच द्वेष ग्रंथातले वचन म्हणून प्रवचनात आला तर सुटतो. राजकीय बोलण्याला १८डी सारखे संरक्षण या कलमात लिहिलेले नाही.

त्याच फेब्रुवारीत संघीय संसदेने नाझी सलाम आणि द्वेषचिन्हांच्या प्रदर्शनाला किमान बारा महिन्यांची सक्तीची कैद ठेवली. नाझी सलाम करणाऱ्याबद्दल कोणाला कळवळा असायचे कारण नाही. पण सक्तीची किमान शिक्षा न्यायाधीशाच्या हातून प्रमाणाचे भानच काढून घेते, आणि लेबर पक्षाचे स्वतःचे धोरण अशा शिक्षांविरुद्ध आहे. राज्याच्या त्याच मालिकेतल्या आणखी एका कायद्याने प्रार्थनास्थळांजवळच्या निदर्शकांना हटवण्याचे विस्तृत अधिकार पोलिसांना दिले होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. आधार होता घटनेतून निघणाऱ्या राजकीय संवादाच्या स्वातंत्र्याचा. ऑस्ट्रेलियाच्या घटनेत अभिव्यक्तीचे कलमच नाही, हे अनेकांना ठाऊक नसते. १९९२ मध्ये हायकोर्टाने, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायसंस्थेने, म्हटले की लोकांनी सरकार निवडायचे तर त्यांना राजकारणावर बोलता आले पाहिजे. १९९७ च्या लँग निकालाने त्याची कसोटी ठरवली. हा व्यक्तीचा हक्क नाही, कायदा करणाऱ्यावरची मर्यादा आहे. सरकारला दर वेळी सांगावे लागते की उद्देश रास्त आहे आणि साधन त्याला साजेसे आहे.

फौजदारी कलमांखेरीज दुसरी वाट आहे व्याख्यांची. आंतरराष्ट्रीय होलोकॉस्ट स्मृती आघाडीने २०१६ मध्ये ज्यूद्वेषाची जी कामचलाऊ व्याख्या स्वीकारली, तिच्यासोबत अकरा उदाहरणे आहेत. त्यातली सात इस्रायलशी संबंधित आहेत. व्याख्येच्या मसुद्याचे प्रमुख लेखक केनेथ स्टर्न यांनी २०१७ मध्ये अमेरिकी काँग्रेससमोर जाऊन सांगितले, की हे आकडेवारी गोळा करणाऱ्यांसाठी होते, विद्यापीठांत बोलणे तोलण्यासाठी नव्हे. तरी जुलै २०२५ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या ज्यूद्वेषविरोधी विशेष दूत जिलियन सीगल यांच्या आराखड्याने ही व्याख्या सर्व पातळ्यांवर लागू करावी आणि कमी पडणाऱ्या विद्यापीठांचा निधी रोखावा, असे सुचवले. इथे ना न्यायालय येते, ना १८डी. निधी जाईल या भीतीने एखादा प्रशासक सभागृह नाकारतो, व्याख्यान पुढे ढकलतो, आणि त्याविरुद्ध दाद मागायची कुठे हेच कळत नाही. हद्दाद निकालाने जी रेषा कष्टाने आखली, ती अशा धोरणपत्रकाने सहज पुसली जाते. मानवी हक्क आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मांडलेल्या राष्ट्रीय वंशद्वेषविरोधी आराखड्यात ६३ शिफारसी आहेत: आरोग्य, न्याय, शिक्षण, नोकरी, आकडेवारी. वंशद्वेष कमी करण्याचे खरे काम तिथे आहे, पण त्याला पैसा आणि वर्षे लागतात. नवे गुन्हे लिहायला एक आठवडा पुरतो.

राजकीय मताला संरक्षण देणेही कायद्याला जमते, हे त्याच देशात दिसले. डिसेंबर २०२३ मध्ये पत्रकार अँटोनेट लटूफ यांना ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने पाच दिवसांच्या कामावरून तिसऱ्या दिवशी काढले. त्यांनी गाझाविषयी ह्यूमन राइट्स वॉचचा मजकूर पुढे पाठवला होता. जून २०२५ मध्ये फेडरल कोर्टाने ठरवले, की काढण्यामागे त्यांचे राजकीय मत हे एक कारण होते आणि कामगार कायद्याखाली ते बेकायदा आहे. ७० हजार डॉलर भरपाई, नंतर दीड लाखाचा दंड.

आपल्याकडे ही गाठ पोलिसांच्या हाती आहे. जुन्या दंडसंहितेतले १८९८ पासूनचे १५३अ आता भारतीय न्यायसंहितेचे कलम १९६ झाले. तीन वर्षांपर्यंत कैद, दखलपात्र, अजामीनपात्र. न्यायालयाने दखल घेण्याआधी सरकारची परवानगी लागते, पूर्वी फौजदारी संहितेच्या १९६ खाली, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या २१७ खाली. पण ही चाळणी अटकेनंतर लागते. नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतरच्या बंदविषयी फेसबुकवर लिहिल्याबद्दल पालघरमध्ये दोन तरुणींना अटक झाली, त्यातल्या एकीने तर ती नोंद फक्त पसंत केली होती. पुढे प्रकरण बंद झाले, ज्यावरून ते गाजले ते माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६अ २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्द केले. पण अटक झालीच होती, आणि शिक्षा तीच होती.

कसोटी मात्र आपल्याकडे जुनी आणि चांगली आहे, आणि ती नागपूरची आहे. भगवतीचरण शुक्ल प्रकरणात नागपूर उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विवियन बोस यांनी १९४६ मध्ये म्हटले, की शब्दांचा परिणाम मोजायचा तो समंजस, खंबीर मनाच्या माणसावरून. प्रत्येक विरोधी मतात धोका पाहणाऱ्या दुबळ्या मनाच्या माणसावरून नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी खासदार इम्रान प्रतापगढी यांच्यावरचा कवितेबद्दलचा गुन्हा रद्द करताना तीच कसोटी पुन्हा उचलली. ऑस्ट्रेलियाची १८सी ची कसोटी वेगळी आहे: ज्या गटावर हल्ला झाला त्यातल्या वाजवी माणसाच्या नजरेने पाहायचे. वरवर हे विरोधी वाटते. मला दोन्ही बरोबर वाटतात, आपापल्या जागी. माफी आणि मजकूर काढणे एवढेच द्यायचे असेल तर ज्याला लागले त्याची नजर घेणे न्याय्य आहे. गोऱ्या माणसाला न टोचणारे वाक्य आदिवासी बाईला टोचते, हे मान्य केल्याखेरीज वंशद्वेषाचा विचारच सुरू होत नाही. कोणाला कोठडीत घालायचे असेल तर मात्र नागपूरची कसोटी हवी.

जातीच्या अपमानाचा प्रश्न याहून वेगळा आहे, आणि तो इथे ओढून अत्याचार प्रतिबंध कायदा सैल करण्याचे कारण म्हणून कोणी वापरू नये. तो कायदा मारहाण, बहिष्कार, जमीन बळकावणे यांसाठी आहे; शब्दांबाबतही तो हेतुपुरस्सर अपमान आणि ‘लोकांच्या नजरेसमोर’ अशा अटी घालतो. तिथली रोजची अडचण गुन्हे नोंदलेच जात नाहीत ही आहे.

नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) ने एक दार किलकिले केले आहे. तीन वर्षे किंवा जास्त, पण सात वर्षांपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत गुन्हा नोंदवण्याआधी उपअधीक्षकांच्या परवानगीने चौदा दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. प्रतापगढी निकालाने सांगितले, की बोलण्या-लिहिण्याच्या प्रकरणात ती करणे योग्य ठरते. मात्र सध्या तो अधिकाऱ्याचा विवेक आहे, सक्ती नाही. कलम १९६ पुरती ती सक्तीची करावी, त्या चौदा दिवसांत ज्याच्यावर आरोप आहे त्याला मजकूर दाखवून म्हणणे विचारावे, आणि २१७ ची परवानगी अटकेच्या आधी लागेल असे त्याच कलमात लिहावे. त्यासाठी नवा कायदा किंवा नवा आयोग लागत नाही. दोन कलमांत दोन वाक्यांची भर पुरते.